तिसऱ्या तळ्याची पाटी

शुक्रवार, ९ फेब्रुवारी २०१८

आधी एक दुरुस्ती. याच वहीत ३ तारखेला मी लिहिलं होतं की मे १९८४ला सरकारी सैन्यापासून सगळे पळाले तेव्हा तिसऱ्या तळ्यात एकोणीस माणसं लपली होती आणि त्यांत माझे पपाही होते. हे चूक आहे. माणसं अठरा होती. पपा त्यांत नव्हते, ते डोंगरावरून गेलेल्या टोळीत होते. आज जेवताना मी त्यांना तळ्यावर लावायच्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं.

"मी डोंगरावर होतो. खोड ते," म्हणाले, आणि मक्याची अर्धी तोर्तिया ताटात टाकून कोंबड्यांकडे गेले.

मी ३ तारखेच्या ओळीवर रेघ मारली आहे, पण खालचं वाचता येईल अशी. चूक कुठे झाली ते मला दिसत राहायला हवं. आकडा एलिसेओ काकांनी सांगितला आणि मी तो एकाच तोंडून घेतला. सान साल्वादोरला दोन वर्षं वाटाड्याचं काम शिकताना आम्हाला बजावलं होतं की दोन साक्षी जुळल्याशिवाय पाटीवर काहीही जाऊ द्यायचं नाही. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच. माझं चुकलं तर गाव म्हणणार, शिकून काय उपयोग झाला.

संध्याकाळी काकांना अठरा सांगितलं. ते पायवाट समितीचे प्रमुख, युद्धात बंडखोरांच्या तुकडीत होते. चिडले नाहीत. "अठरा तर अठरा. मी हात देऊन एकेकाला वर ओढलं, पोरी. चिखलाने सगळे सारखेच दिसत होते. पाच वाड्यांची माणसं एकत्र झालेली. नावं कोण विचारतो? नाव ठाऊकच नसलं की पकडल्यावर सांगताही येत नाही. तुझा बाप तिथे होता असं मला वाटायचं. म्हातारा झालो."

समितीला सहा पाट्या हव्या आहेत. बॉम्बच्या खड्ड्यात साठलेलं पहिलं तळं. जमिनीखालचं भुयार. धुण्याचं दुसरं तळं. खंदक. तिसरं तळं. शेवटी चर्चची घंटा, जी न फुटलेल्या बॉम्बच्या कवचाची आहे. उद्घाटन १८ मार्चला. चार पाट्या झाल्या आहेत.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आज पायवाटेची पहिली चाचणी. राजधानीहून बारा शिक्षक आले होते. वाट सोपी आहे, सगळी सावलीची, चपला घालूनही चालता येते. पहिल्या तळ्यात बेडकांची पिल्लं इतकी होती की पाणी काळं दिसत होतं. एका बाईंनी विचारलं, बॉम्ब किती मोठा होता? काका म्हणाले, "तुम्ही उभ्या आहात तिथून त्या सरांपर्यंत. सरांना जरा मागे सरकायला सांगा." सगळे हसले. पुढे ते माझ्या कानात म्हणाले, "ज्या वाटेवर आम्ही जीव मुठीत धरून पळालो, त्या वाटेवर ही मंडळी पोट कमी करायला येतात. येऊ देत. जिवंत माणसांचे पाय लागलेले बरे."

तिसऱ्या तळ्याशी मात्र कोणी हसेना. वडाच्या मुळ्या पाण्यावर झुकलेल्या आहेत, त्यांच्याखाली उजेड पोचत नाही. मी अजून तोंड उघडलं नव्हतं तरी शिक्षकांचे आवाज आपोआप खाली आले. एकाने हळूच विचारलं, "इथे मूल रडल्यासारखं ऐकू येतं म्हणतात ना?" काका म्हणाले, "बेडूक आहे. त्या जातीचा."

पपा चर्चपाशी कॉफीचं भांडं घेऊन थांबले होते. आमच्या मक्याच्या शेतातून तळ्याच्या वाटेने चर्च दहा मिनिटांवर आहे, पण ते गाडीरस्त्याने तासभर वळसा घालून आले होते. गुडघ्याला चढण सोसत नाही म्हणतात. तळ्याच्या वाटेवर चढण नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. वयाचं कारण माणसाला चालू द्यावं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

फिदेलिना मावशी आली. हातात केळीच्या पानात बांधलेला तामाल होता. ती बसली नाही. पाचव्या पाटीवर काय लिहिणार ते वाच, म्हणाली. मी वाचलं. *मे १९८४ : सैनिक या वाटेवरून जात असताना अठरा माणसं रात्रभर या पाण्यात उभी होती. फिदेलिना मेन्हिवार यांचा चार महिन्यांचा मुलगा ओविदिओ येथे गोळी लागून मरण पावला.*

"गोळी नाही लागली," ती म्हणाली.

मी विचारलं, मग काय झालं?

"तो रडत होता. वर सैनिक होते. मी तोंड दाबलं." तिने आपला उजवा हात जरा पुढे धरला. "ह्याच हाताने. गोळीचं एलिसेओने सांगितलं, दुसऱ्या दिवशी, सगळ्यांना. मला लोकांत उभं राहता यावं म्हणून. चौतीस वर्षं मी ती गोळी खाते आहे. आता तू शिकलेली आहेस. पाटीवर खोटं लिहू नकोस."

मी म्हटलं, मावशी, हे सगळे वाचतील. शाळेची मुलंसुद्धा.

"वाचू देत की. लोक म्हणतात तिथे रडणं ऐकू येतं. मला कधीच आलं नाही. मी दर रविवारी ऐकायला जाते. मुकाट असतं सगळं. खोटं सांगितलं म्हणून तो माझ्याशी बोलत नाही."

ती गेल्यावर तामाल तसाच राहिला. माझ्याच्याने खाववेना.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

काकांना विचारलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "ती असं म्हणाली? आपल्या तोंडाने?" मग म्हणाले, "लिही, युद्धात मेला. ते खोटं नाही." मी म्हटलं, पण तिला ते नकोय. "तिला काय हवंय ते मला कळतं, पोरी. पण ती पाटी पावसात, उन्हात, ती मेल्यावरही तिथे राहणार. पुढच्या पिढीला तिचं एवढंच माहीत असणार."

दोघांचंही पटतं. हीच माझी अडचण आहे, मला नेहमी दोघांचंही पटतं.

बुधवार, २८ फेब्रुवारी

नवीन मजकूर लिहून पपांना वाचून दाखवला. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येतात, म्हणून ही वही मी टेबलावर उघडीही ठेवते आणि सगळं लिहिलेलं आधी त्यांना ऐकवते. ऐकायला त्यांच्याइतकं शांत कोणी नाही. आज मात्र "आईच्या हाताखाली गुदमरून" हे शब्द येताच त्यांनी टेबलावर थाप मारली.

"हे नाही लिहायचं."

"पपा, तिनेच सांगितलंय."

"तिला काय माहीत!"

"तिला नाही तर कोणाला?"

ते बाहेर गेले, पुन्हा आत आले. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. समितीतल्या पुरुषांसारखंच त्यांनाही गावाचं नाव खराब होईल असं वाटतं बहुतेक. मी म्हटलं तेसुद्धा. ते शांतपणे म्हणाले, "आणि तू लिहिलंयस की हातात लाल मण्यांची दोरी होती, दृष्ट लागू नये म्हणून. हातात नव्हती. पायात होती. डाव्या. मनगट काडीसारखं होतं, निसटायची."

मी दुरुस्ती केली. तुम्हाला कसं ठाऊक, विचारलं. "लोक बोलायचे," म्हणाले.

शुक्रवार, २ मार्च

चर्चबाहेर फिदेलिना मावशी भेटली. दोरी कुठे होती ते विचारलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "पायात! डाव्या पायात. तुला कोणी सांगितलं?"

पपांनी, म्हटलं.

"रुतिलिओने? म्हणजे लोकांना आठवतो तो. बघ, मला वाटायचं माझ्याशिवाय कोणालाच नाही." तिने माझा हात दाबला.

दोन साक्षी जुळल्या. या पाटीतली निदान एक गोष्ट पक्की झाली म्हणून मला फार बरं वाटलं.

सोमवार, ५ मार्च

आज फिदेलिना मावशीने मला तळ्यावर नेलं आणि सगळं जागेवर दाखवलं. मी तिथेच बसून लिहून घेतलं, इथे नीट उतरवते.

रात्र होती, चंद्र नव्हता. सगळे एका दोरखंडाला धरून चालत होते. पळताना तसाच नियम होता, अंधारात कोणी सुटू नये म्हणून. पाण्यात उतरल्यावरही दोर सोडला नाही. वाटेच्या जवळ म्हातारी माणसं, मग बाया, आणि दोराच्या शेवटच्या टोकाला, मुळ्यांच्या अगदी आत, कोणीतरी धडधाकट. रडणारं मूल हातोहात त्या टोकाला पाठवायचं, वाटेपासून लांब, असं ठरलेलं होतं. ओविदिओ रडायला लागला तेव्हा तिने त्याला पुढच्या बाईच्या हातात दिलं, तिने तिच्या पुढच्याच्या. तो अंधारात गेला. रडणं लांब गेलं आणि मग थांबलं.

"मला वाटलं, झोपला. मी देवाचे आभार मानले," ती म्हणाली.

पुष्कळ वेळाने तो तसाच हातोहात परत आला. तेवढ्यात सैनिक पुन्हा आले, ऐन डोक्यावर, सिगारेटींचा वास येण्याइतके जवळ. तो कधीही रडेल म्हणून तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि ते जाईपर्यंत काढला नाही.

"किती शहाणा होता बघ," ती म्हणाली. "धडपडला नाही. पाय झाडला नाही. नुसता पडून राहिला, जणू त्याला कळत होतं."

टोकाला कोण होतं, विचारलं. तिला माहीत नाही. दुसऱ्या वाडीचा पोरगा होता, सोळा-सतरा वर्षांचा, त्याला सगळे 'रातकिडा' म्हणत. सकाळी दिसला नाही. नंतर होंडुरासच्या निर्वासितांच्या छावणीतही तिने कधी त्या नावाचा कोणी ऐकला नाही. मेला असेल, म्हणाली.

आम्ही बसलो होतो तितका वेळ बेडूकसुद्धा ओरडला नाही. मावशी कान देऊन बसली होती. माझ्या पाठीला कोणीतरी मुळ्यांतून बघत असल्यासारखं वाटत होतं. हे पाटीसाठी नाही, फक्त इथे लिहिते आहे.

मंगळवार, ६ मार्च

झोप नाही. "पाय झाडला नाही." हे वाक्य डोक्यातून जात नाही.

गुरुवार, ८ मार्च

दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. नाव सांगितलं नाही, वाटाड्यांच्या प्रथमोपचाराच्या परीक्षेसाठी हवंय असं म्हटलं. हे खोटं होतं, नोंदवून ठेवते. चार महिन्यांच्या बाळाचं नाक-तोंड दाबलं तर ते स्वस्थ राहील का?

"स्वस्थ?" त्या म्हणाल्या. "अगं, कितीही अशक्त असू दे. मान फिरवेल, पाय मारेल, सगळं अंग ताठ करेल. जीव आहे तोवर मूल भांडतं."

मी तिथल्या बाकावर बसले आणि रडले. आनंदाने. ओविदिओ आईच्या हातात परत आला तेव्हा तो आधीच गेलेला होता. तिने मेलेल्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला होता. चौतीस वर्षं ती स्वतःला खुनी समजते आहे, आणि तिने काहीच केलेलं नाही.

पण ही एकच साक्ष आहे, आणि तीही माझा तर्क. मावशीला आता सांगितलं आणि उद्या चूक निघाली तर? तिच्या हातात काहीतरी देऊन परत काढून घेतल्यासारखं होईल. आणखी एका तोंडून यायला हवं.

रविवार, ११ मार्च

आईचा ह्यूस्टनहून फोन आला. तिला थोडंसं सांगितलं. ती म्हणाली, "त्या तळ्याचं पपांसमोर फार काढू नकोस." का, विचारलं तर म्हणाली, "लग्न झालं तेव्हापासून बघते, त्यांना त्याचा त्रास होतो. मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती."

पण मला राहवलं नाही. पपा मका सोलत होते, मी समोर बसून सोलायला लागले आणि सगळं सांगितलं. दोर, टोक, नर्सबाई. ऐकताना त्यांचे हात थांबले.

"म्हणजे फिदेलिनाने नाही," ते म्हणाले.

"नाही. मला तशी खात्री आहे. पण सिद्ध करता येत नाही. टोकाला होता तो माणूस सापडला पाहिजे."

"सापडला तर काय विचारशील?"

"एवढंच, की मूल तुझ्याकडे असताना गेलं का."

"आणि तो हो म्हणाला तर?"

"तर मावशी सुटेल, पपा."

"आणि तो?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, तोही मूलच होता, सोळा वर्षांचा, काळोखात, गळ्यापर्यंत पाण्यात. सतरा माणसांचा जीव त्याच्या हातात दिला आणि कोणी सांगितलं नाही की किती जोराने धरायचं. मी तरी त्याला काही म्हणणार नाही.

पपांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नसेल. मग खाली बघत म्हणाले, "विचारायचं तर सगळ्यांसमोर विचार. एकट्याला गाठून विचारलंस तर माणूस पुन्हा खोटं बोलेल."

हे मला सुचलं नव्हतं. उद्घाटनाला त्या रात्रीतून वाचलेले सगळे येणार आहेत, पाचही वाड्यांचे. कोणाला तरी तो रातकिडा ठाऊक असेलच.

लिहिता लिहिता एक आठवलं. लहानपणी मी रडले की पपा मला उचलून घराबाहेर, मोकळ्या शेतात नेत आणि म्हणत, "रड. मोठ्याने रड. अजून मोठ्याने." शेजारी हसायचे, पोरीला बिघडवतोय म्हणायचे. इतर बाप गप्प बस म्हणत, माझे कधीच म्हणाले नाहीत. एवढ्या मायाळू माणसाने त्या दिवशी टेबलावर थाप का मारली, मला अजून कळत नाही.

बुधवार, १४ मार्च

एलिसेओ काकांना बेत सांगितला. त्यांनी विचारलं, "तुझ्या बापाला माहीत आहे हे?"

"त्यांनीच सुचवलं, सगळ्यांसमोर विचार म्हणून."

काकांनी टोपी घातली. "मग विचार," म्हणाले. "मी त्याच्या शेजारी बसेन."

मी म्हटलं, काका, तुम्हाला तर व्यासपीठावर बसायचंय. "नाही," म्हणाले, "मी रुतिलिओशेजारीच बसणार."

शुक्रवार, १६ मार्च

पाच पाट्या रंगवून वाळत घातल्या आहेत. पाचवी कोरी ठेवली आहे. समितीतले काही जण चिडले, पाहुण्यांसमोर कोरी पाटी कशी दिसेल म्हणाले. भाषण पाठ केलं आहे, तरी सारखी उठून पुन्हा वाचते. तिसऱ्या तळ्यावर बाकडी मांडून झाली. मावशी पुढच्या बाकावर असेल.

पपा येणार आहेत! आज त्यांनी पांढरा सदरा काढून माझ्यापुढे ठेवला, म्हणाले, इस्त्री कर. मी विचारलं, चर्चपाशी थांबणार ना? "नाही, तळ्यावर येईन," म्हणाले. "तळ्याच्या वाटेने येईन, तुझ्याबरोबर." फिदेलिना कुठे बसणार तेही विचारून घेतलं. गुडघ्याचं काही बोलले नाहीत. माझं भाषण ऐकायला इतकी वर्षं टाळलेली वाट ते चालणार आहेत, या विचारानेच मला धीर आला आहे. मी चुकले तरी समोर त्यांचा चेहरा असेल.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "नक्की विचारशील ना? ऐनवेळी घाबरणार नाहीस?"

मी त्यांना शब्द दिला. अठरांपैकी जी नावं मिळाली आहेत ती घेईन, जी हयात आहेत त्यांना उभं राहायला सांगेन, आणि मग सगळ्यांच्या देखत विचारेन की त्या रात्री दोराच्या टोकाला कोण होतं. परवा, रविवारी, १८ मार्चला, सकाळी नऊ वाजता.